थंडीत पांढरी, उन्हाळ्यात घामेजलेली: सोया वॅक्स दर मोसमात का बिघडतं आणि नवं मेण कसं तपासायचं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मेणबत्ती द्यायची टूम आमच्या नाशिकच्या इंदिरानगरात कुणी काढली माहीत नाही. माझ्या घरगुती उद्योगाला पहिली मोठी ऑर्डर त्या टुमेनेच मिळवून दिली, आणि पहिली मोठी फजितीही तिनेच केली. साठ जार होते. फिकट जांभळा रंग, मोगऱ्याचा वास. रात्री ओतले तेव्हा वरचा थर साईसारखा गुळगुळीत. तिसऱ्या दिवशी खोकं उघडलं तर निम्म्या जारांमध्ये कडेने पांढरे तुरे फुटलेले आणि काचेला आतून ओल धरल्यासारखे डाग. फडक्याने पुसून पाहिलं. बाहेरून पुसलं जाईना, आणि आत ओलं काही नव्हतंच.

मी मेण बदललं. दुसऱ्या विक्रेत्याकडून दुसऱ्या नावाचं मागवलं. ते आलं फेब्रुवारीच्या शेवटी, आणि मार्चमध्ये ओतलेला एकही जार पांढरा पडला नाही. झालं, सुटला प्रश्न! मग मे आला. तेच गुणी मेण घामेजायला लागलं, वर तेलाचे बारीक थेंब. पुन्हा मेण बदललं. पुढच्या जानेवारीत पुन्हा पांढरे तुरे. तीन मेणं करून झाली, चौथं मागवायच्या बेतात होते, तेव्हा वही चाळताना लक्षात आलं की मेणाचं नाव, वजन, वास, रंग, सगळं लिहिलंय. त्या दिवशी घरात किती गार होतं, तेवढंच कुठे लिहिलेलं नाही.

आपल्याकडे निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो, तेव्हा शहरातही पहाटे दहाच्या खाली गेलेला असतो. मे महिन्यात दुपारी चाळिशीला टेकतो. म्हणजे एकाच ओट्यावर, एकाच पातेल्यातून ओतलेलं एकच मेण वर्षात दोन वेगळ्या मेणांसारखं वागतं. पिशवीबरोबर येणारी सूचनापत्रकं मात्र घरात बारा महिने सुखाचं हवामान असल्यासारखी लिहिलेली. तेव्हा तुमचं सोया वॅक्स बिघडलं असं वाटत असेल, तर पहिला प्रश्न हा: बिघाड कोणत्या महिन्यात होतोय? दर थंडीत तोच त्रास, दर उन्हाळ्यात दुसरा त्रास, असं असेल तर मेणावर खापर फोडू नका. मोसम कुठलाही असो, नवी पिशवी उघडल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर मात्र मेण तपासायला घ्या. ते कसं, तेही सांगते, पण आधी थंडी.

पांढरे तुरे

याला धंद्यात सगळे फ्रॉस्टिंग म्हणतात. पहिल्या वर्षी मला ती बुरशी वाटली होती. माझा मामेभाऊ दिंडोरीकडे द्राक्षबाग करतो. त्याला जार दाखवला, तर म्हणाला, "ताई, तू भुरी समजून घाबरलीस. मण्यावर पांढरी झाक असते ना, हात लागला की पुसली जाणारी, ती रोग नसते. तसलं काहीतरी असेल हे." तो सहज बोलला, पण त्याचं म्हणणं बरंचसं बरोबर निघालं. मण्यावरची ती झाक म्हणजे द्राक्षाचं स्वतःचं मेणच असतं. सोया वॅक्सचे तुरेही बाहेरून आलेलं काही नाही, मेणानेच आपले स्फटिक वेगळ्या घडीत बसवले की ते दिसतात.

सोया वॅक्स म्हणजे हायड्रोजन घालून घट्ट केलेलं सोयाबीनचं तेल. डालडा ज्या रीतीने होतो, तीच रीत. फक्त इथे घट्टपणा आणखी पुढे नेलेला. त्यामुळे खनिज तेलातून निघणाऱ्या पॅराफिनपेक्षा ते आपल्या तुपाच्या जास्त जवळचं. स्निग्ध पदार्थ गोठताना एकाहून अधिक प्रकारचे स्फटिक करू शकतात. घाईत गोठला की आधी कच्ची घडी बसते, आणि पुढचे काही दिवस, तापमान वरखाली होत राहिलं की ती मोडून पक्की घडी बसत जाते. हा बदल होतो तिथे पांढरं दिसतं.

माझ्या सासूबाईंनी यातलं काही न वाचता मला हे सांगितलं. मी जार उन्हाला धरून बघत बसले होते. त्या म्हणाल्या, "अगं, कढवलेलं तूप बरणीत ओतून ठेवलंस तर एकदा रवाळ होतं, एकदा लोण्यासारखं बसतं. लोणी तेच असतं ना? निवतं कसं, त्यावर आहे ते." मी म्हटलं, "पण आई, रवाळ तूप लोक मागून घेतात, रवाळ मेणबत्ती कोण घेणार?" त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

तुपाचा नियम जसाच्या तसा मेणाला लावू नका, दाणा कधी मोठा आणि कधी बारीक हे दोघांचं सारखं चालत नाही. एवढंच घ्या की दाणा धरणं म्हणजे भेसळ नव्हे. पांढरा तुरा आलेली मेणबत्ती जळते तशीच, वासही देते तसाच. दिसण्याचा दोष आहे. पण वाण म्हणून साठ बायकांच्या हातात द्यायची वस्तू दिसण्यावरच तर चालते.

सहा जारांचा रविवार

मग मी जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सातला बसले. स्वयंपाकघरात १४ अंश. एकच पिशवी, सहा सारखे जार, प्रत्येकात १८० ग्रॅम मेण, वास अजिबात नाही. रंग मात्र मुद्दाम घातला, सगळ्यांत सारखाच, कारण पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. पांढऱ्या मेणाचे जार तपासून 'माझ्याकडे फ्रॉस्टिंग होतच नाही' म्हणणाऱ्यांनी एकदा गडद रंग घालून बघावा.

दोन जार मी नेहमीसारखे केले: ७० अंशांना ओतलं, गार जार, थेट ओट्यावर. दोनांत ५७ अंशांना ओतलं, बाकी तेच. उरलेले दोन जार आधी हाताला कोमट लागतील इतके तापवून घेतले (ओव्हन मंद तापवून बंद केला आणि त्यात ठेवले), ५७ अंशांनाच ओतलं, लाकडी पाटावर ठेवले आणि वरून थर्माकोलचं खोकं पालथं घातलं.

दुसऱ्या दिवशी सहाही छान दिसत होते. इथेच माझी तीन वर्षं फसवणूक झाली होती. खरा निकाल दहाव्या दिवशी लागला. पहिल्या जोडीत तुरेही होते आणि ओले डागही. दुसऱ्या जोडीत तुरे कमी, पण वरचा थर खडबडीत, डाग तसेच. तिसऱ्या जोडीतला एक जार लख्ख, दुसऱ्यात रुपयाएवढा एक डाग.

आता कुणी म्हणेल, तिसऱ्या जोडीत तर तू दोन गोष्टी एकदम बदलल्यास, जार तापवला आणि खोकंही घातलं. बरोबर आहे, चूकच केली. पुढच्या रविवारी दोन्ही वेगळं करून पाहिलं. माझ्या घरात तरी तुऱ्यांवर जास्त परिणाम पाट आणि खोक्याचा झाला, आणि ओल्या डागांवर कोमट जारचा. त्याचं कारणही पटण्यासारखं आहे. ओला डाग म्हणजे मेण निवताना आकसतं आणि काचेपासून सुटतं, ती फट. काच गार असेल, तर तिला लागलेला थर आधी गोठतो, आतलं मेण नंतर आकसताना त्याला ओढून घेतं. जार धुतल्यावर राहिलेला तेलकट हात किंवा ओलावाही तेच करतो. मी आता जार गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवते आणि आतून बोट लावत नाही.

ओट्याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबते. आपल्या घरांत ओटा कडाप्प्याचा नाहीतर ग्रॅनाइटचा. जानेवारीच्या सकाळी त्यावर पाय ठेवायचा झाला तर तुम्ही ठेवणार नाही, आणि आपण त्यावर गरम जारांची रांग लावतो. दगड तळातून ऊब खेचून घेतो. तळ गोठलेला, मधला भाग पातळ, वरून पंखा नाहीतर खिडकीतला गार झोत. पाट, जुनं ब्लँकेट, वर्तमानपत्रांची जाड घडी, केक गार करायची जाळी, काहीही चालेल; दगड नको. जारांमध्ये दोन बोटं अंतर ठेवा, चिकटून ठेवले की आतल्या बाजूने एक जार दुसऱ्याला ऊब देतो आणि नेमके त्याच उभ्या पट्ट्यात डाग वेगळे दिसतात. हे मी एकदा सहा जार फिरवून बघितलं तेव्हा कळलं. सगळ्यांचे चेहरे शेजाऱ्याकडे.

५७ हा आकडा माझ्या मेणाचा आहे. अमेरिकेतलं जीडब्ल्यू ४६४ हे जारसाठीचं मेण बरेचजण वापरतात, त्याच्याबद्दलही वास ८५ अंशांच्या आसपास घालायचा आणि ५७ च्या आसपास ओतायचं असंच सांगितलं जातं. त्यात आधीच काही मिसळलेलं असतं. त्याच घराण्यातलं ४१५ मात्र निव्वळ सोया, म्हणून त्याला तुरे जास्त येतात. 'शुद्ध' हा शब्द वाचून मी एकदा तसलं निव्वळ सोया घेतलं होतं. शुद्धतेचा अभिमान आणि जांभळा रंग एका जारात नांदत नाहीत.

थर्मामीटर खोटं बोलतोय का

वर सगळे आकडे देऊन झाले, पण तुमचा थर्मामीटर सहा अंश चुकत असेल तर ते सगळे वाया. तपासणं सोपं आहे. पाणी खळखळ उकळवा आणि टोक तळाला न लावता मध्ये धरा. शंभर यायला हवं असं आपण शाळेत शिकलो, पण नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर आहे, आणि दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू अंदाजे एक अंश उतरतो. इथे ९८ दाखवणारा थर्मामीटर खरा आहे, शंभर दाखवणारा दोन अंश पुढे आहे. ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात शून्य येतंय का तेही बघा. लांबून लाल ठिपका टाकून मोजणारी गन मी मेणासाठी वापरत नाही. ती वरचा थर वाचते, आणि चकचकीत स्टीलच्या पातेल्यावर मारली तर भलतंच सांगते.

मे महिन्याचं रडगाणं

उन्हाळ्यात वर जे थेंब दिसतात ते पाणी नाही. मेण मऊ झालं की त्यात धरून ठेवलेलं सुगंधी तेल बाहेर येतं. थंडीत १० टक्के तेल निमूट धरणारं मेण मे महिन्यात तेवढं धरत नाही. मी एप्रिलपासून ७ टक्क्यांवर येते, म्हणजे २०० ग्रॅम मेणाला १४ ग्रॅम. वजनकाट्यावर मोजून, चमच्याने किंवा झाकणाने नाही, तेलं वेगवेगळ्या घनतेची असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे साठवण. जारसाठीचं सोया वॅक्स साधारण ४५ ते ५२ अंशांच्या दरम्यान वितळतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत त्याहून जास्त होतं. इथल्या द्वारका चौकातून नाशिकरोडला स्कूटीच्या डिकीतून दुपारी दोनला नेलेले बारा जार मी एकदा चक्क ताक झालेले पाहिलेत. आता मे महिन्यात पोहोच सकाळी नऊच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. कच्च्या मेणाची पिशवी माळ्यावर ठेवू नका. स्लॅबखालचा माळा दुपारी भट्टी असतो. जमिनीवर ठेवलीत तर झाकणाच्या डब्यात ठेवा. शेवटी हे तेलबियांचंच पोर. माझ्या पिशवीचा कोपरा उंदरांनी कुरतडून ठेवला होता आणि पॅराफिनच्या पुड्याला मात्र दात लावला नव्हता.

उन्हाळ्यासाठी मी मेणात ५ टक्के मधमाशीचं मेण मिसळते. ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे जार जरा टणक बसतो. पण मिश्रण बदललं की वात बदलावी लागते, आणि ही गोष्ट मी सोयीस्करपणे विसरते आणि दर एप्रिलमध्ये दोन जार वाया घालवते.

मेणच वेगळं निघालं तर

हे एकदाच झालं, पण असं झालं की विसरणार नाही. दिवाळीच्या तोंडावर दहा किलोची नवी पिशवी आली. नाव तेच, छपाई तीच, बॅच नंबर नाही. पहिले जार पेटवून बघितले तर वातीभोवती विहीर पडली, कडेचं मेण तसंच उभं. वात तीच, जार तोच, गेल्या महिन्यात सरळ जळणारा. विक्रेत्याला फोन केला. "ताई, माल तोच आहे, फक्त पॅकिंग बदललंय." त्याला खोटं पाडायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि माल परत घ्यायला त्याच्याकडे काही कारण नव्हतं.

त्या दिवशी मी स्वतःसाठी एक चाचणी बसवली आणि आता प्रत्येक पिशवीवर करते. २०० ग्रॅम मेण स्टीलच्या गंजात ८० अंशांपर्यंत तापवायचं. गंज पाटावर ठेवायचा, थर्मामीटरचं टोक मध्यभागी टांगायचं, पंखा बंद. दर दोन मिनिटांनी आकडा लिहायचा. आधी पारा झरझर उतरतो. मग एका ठिकाणी रेंगाळतो, कारण मेण गोठताना स्वतःच ऊब सोडत असतं. मग पुन्हा उतरायला लागतो. तो रेंगाळण्याचा आकडा आणि वेळ म्हणजे त्या मेणाची कुंडली. पिशवीवर छापलेला वितळण्याचा आकडा याच्याशी जुळेलच असं नाही, गोठतानाचा मुक्काम बहुधा काही अंश खाली असतो. तुलना छापील आकड्याशी करायचीच नाही, आपल्याच जुन्या पिशवीशी करायची, त्याच गंजात, तेवढ्याच वजनावर, शक्यतो खोलीही तितकीच गार असताना.

सुदैवाने जुन्या पिशवीतलं पावभर मेण डब्यात उरलं होतं. ते ४३ च्या आसपास बराच वेळ रेंगाळलं. नवं मेण ४८ ला थांबलं आणि लवकर सुटलं. पाच अंशांचा फरक हा काही पॅकिंगचा फरक नव्हे. टणक मेणाला माझी वात अपुरी पडत होती, म्हणून विहीर. शिवाय गोठलेल्या वडीची पातळ कड उजेडाला धरली तर नव्याची कड अर्धपारदर्शक दिसत होती, जुन्याची दुधासारखी. पॅराफिनची शंका आली.

पंचवटीतल्या माझ्या मावशी साबण करतात. त्यांना विचारलं. सोया वॅक्स हे वनस्पती तेलच असल्यामुळे कॉस्टिक सोड्याबरोबर त्याचा साबण होतो, पॅराफिनचा कधीही होत नाही. त्यांनी ५० ग्रॅम नवं मेण घेऊन त्यांच्या नेहमीच्या हिशोबाने, मंद आचेवर, शिजवून पाहिलं. खाली साबण धरला आणि वर एक स्वच्छ तेलकट थर काही केल्या मिसळेना. मावशी म्हणाल्या, "हे जे वर तरंगतंय ना, ते बेणं आपलं नाही." ही चाचणी घरी करायला जाऊ नका. कॉस्टिक सोडा डोळा घालवतो; साबण करण्याची सवय, हातमोजे आणि चष्मा असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. आणि तिची मर्यादा लक्षात ठेवा: पाम तेलाचं मेण मिसळलं असेल तर त्याचाही साबणच होतो, मग ते यात पकडलं जात नाही. थोडीशी पॅराफिनची भेसळही नजरेतून सुटेल. आमच्याकडे थर ठसठशीत होता म्हणून दिसला.

ते दहा किलो मी फेकलं नाही. साच्यातल्या उभ्या मेणबत्त्यांना टणक मेणच लागतं, त्यात खपलं. पण त्यांच्यावर 'सोया' लिहिलं नाही. तेव्हापासून नवीन विक्रेत्याकडून आधी एक किलोच घेते, बॅच नंबर आणि माहितीपत्रक मागते, आणि प्रत्येक पिशवीतलं पावभर मेण तारखेची चिठ्ठी लावून डब्यात काढून ठेवते. सासूबाई त्या डब्यांना 'तुझं लोणचं' म्हणतात.

वात

वातीवर स्वतंत्र लिहावं लागेल, पण तपासणीपुरतं थोडं. समईची किंवा निरांजनाची कापसाची वात जारमध्ये चालत नाही. मेणबत्तीची वात वेणीसारखी विणलेली असते, जळताना ती वाकते आणि तिचं टोक ज्योतीच्या कडेला जाऊन राख होऊन जातं. ही विणलेली वात १८२५ च्या सुमाराला फ्रान्समध्ये निघाली. त्याआधी मेणबत्तीचीही काजळी कात्रीने झाडत बसावं लागे, आपण समईची झाडतो तशी.

सोया वॅक्सला पॅराफिनपेक्षा जाड वात लागते. बाजारात सीडी आणि इको या मालिका नंबरांनी मिळतात. माझ्या ७ सेंटिमीटर तोंडाच्या जारला इको १० बसली. तुमच्या मेणाला बसेल असं नाही. एका जारसाठी ओळीतले तीन नंबर घ्या, तीन सारखे जार करा, दोन आठवडे मुरू द्या. सोयाला मुरायला वेळ लागतो, दुसऱ्या दिवशी पेटवून काढलेला निष्कर्ष मी आता धरतच नाही. मग वात ५ मिलिमीटर ठेवून पेटवा आणि चार तास जळू द्या. पंखा बंद. पंखा चालू ठेवून केलेली चाचणी म्हणजे पंख्याचीच चाचणी.

तीन-चार तासांत वितळलेलं तळं काचेपर्यंत पोहोचलं पाहिजे आणि खोली साधारण अर्धा इंच. पोहोचलं नाही तर वात बारीक. दोन तासांच्या आतच काच गाठली, ज्योत नाचतेय, टोकाला काजळीचा गोळा धरतोय, जार हातात धरवत नाही, तर वात जाड, किंवा तेल जास्त. विझवा, पूर्ण गार होऊ द्या, वात छाटा, पुन्हा चार तास. जार संपेपर्यंत. बहुतेकजण पहिल्या चार तासांवर पास करून मोकळे होतात, पण जार अर्धा झाल्यावर काचेच्या आत उष्णता कोंडते आणि वरच्या अर्ध्यात गुणी वाटलेली वात खालच्या अर्ध्यात उधळते. वाइनच्या कापलेल्या बाटल्यांत मेणबत्त्या करायचा मोह नाशिककरांना होणारच, बाटल्या मुबलक. मी सोडून दिलं. कापलेल्या कडेपासून काच तडकते, आणि ती तडकते ती नेमकी मेण पातळ असताना.

वास येत नाही ही तक्रार

याचं खापरही मेणावर फुटतं. बहुतेक वेळा तेल फार गार मेणात घातलेलं असतं आणि नीट ढवळलेलं नसतं. तेलाच्या बाटलीवर ६५ अंश फ्लॅश पॉइंट लिहिलाय म्हणून काहीजण ६० ला घालतात. तो आकडा आगीच्या धोक्याचा आहे, वास उडून जाण्याचा नाही. ७५ ते ८५ दरम्यान, दोन मिनिटं, सावकाश, बुडबुडे न आणता. पातेलं थेट गॅसवर नको, पाण्याच्या पातेल्यात. मेणाने पेट घेतला तर पाणी कधीच टाकायचं नाही, झाकण घालायचं. देवघरातलं अत्तर घालू नका, सगळीच अत्तरं मेणात विरघळत नाहीत. आणि व्हॅनिलाच्या वासाची मेणबत्ती काही दिवसांत चहासारखी तपकिरी होते, तो त्यातल्या व्हॅनिलिनचा गुण. तिथे मेण बदलून काही होणार नाही.

एक सूचना घरखर्चातली. भांड्याला लागलेलं पातळ मेण गरम पाण्याने बेसिनमध्ये सोडू नका. सोया वॅक्स साबणाच्या गरम पाण्याने निघतं खरं, आणि म्हणूनच मोह होतो. जानेवारीत ते खालच्या गार पाइपात जाऊन बसतं. माझं बसलं, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बेसिनच्या अगदी वर. आधी कागदाने पुसा, मग धुवा.

जे अजून जमलेलं नाही तेही सांगते. गंगापूर रोडच्या पुढच्या एका होमस्टेला वाइनच्या रंगाच्या मेणबत्त्या हव्या असतात, अगदी गडद. त्या थंडीत तुऱ्यांशिवाय मला एकदाही साधलेल्या नाहीत, पाट, खोकं, कोमट जार सगळं करूनही. शेवटी त्यांच्यासाठी काच सोडली. पत्र्याच्या गोल डबीत ओतते, म्हणजे बाजू दिसतच नाही, आणि द्यायच्या दिवशी सकाळी वरच्या थरावरून हेअर ड्रायर फिरवते. तो थर पुन्हा पांढरा व्हायला चार-पाच दिवस लागतात. पाहुणे दोन रात्रींचे असतात.